सगळ्यात मागच्या बाईला ऐकू जावं म्हणून

बाबा, परवा आपल्या जुन्या गावच्या तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी, ग्रामसभा झाली आणि साऊंड आपल्या दुकानाचा होता. ही बातमी तुम्हाला सांगावी असं मला तिथून निघतानाच वाटलं, आणि फुलचूरला घरी पोचेपर्यंत मी गाडीत मनातल्या मनात तुमच्याशी बोलतच आले. तुम्ही गेलात त्याला आता इतकी वर्षं झाली की दुकानात येणाऱ्या निम्म्या लोकांना हे दुकान मुळात तुमचं होतं हेही ठाऊक नसतं. ते मला 'साऊंडवाल्या काकू' म्हणतात. मला ते आवडतं. पण परवा स्पीकर उतरवून घेत होतो तेव्हा एक म्हातारा काठी टेकत आला, माझा चेहरा न्याहाळत म्हणाला, "भोंगेवाल्याची पोरगी होय न तू?" मी "हो जी" म्हटलं. एवढंच. पण 'भोंगेवाल्याची पोरगी' या दोन शब्दांनी माझी मान जी ताठ झाली ती अजून खाली आलेली नाही.

तुम्हाला आठवतं का, तुम्ही मला शाळेतून परस्पर कार्यक्रमाच्या जागी घेऊन जायचात? कॉन्व्हेंटचा निळा स्कर्ट, दोन वेण्यांना लाल फिती, पाठीवर दप्तर, आणि मी सायकलच्या दांडीवर. मागच्या कॅरिअरला अ‍ॅम्प्लिफायर दोरीनं करकचून बांधलेला. आई ओरडायची, "पोरीले शाळेत टाकलं ते भोंगे बांधायले का?" पण तुम्हाला माझी गरज होती, आणि ती का होती हे मला फार उशिरा उमगलं. कार्यक्रम कीर्तनाचा असो की पुढाऱ्याच्या सभेचा, पुढे गडीमाणसं बसायची आणि बायका सगळ्यात मागे, कुठे झाडाखाली, कुठे बैलगाड्यांच्या आडोशाला. तिथपर्यंत आवाज जातो का हे बघायला तुम्हाला त्यांच्यात जाऊन बसता येत नव्हतं. दुसरे माईकवाले स्टेजवरूनच विचारायचे, "मागे ऐकू येते का?" आणि पुढचेच लोक ओरडायचे, "येते, येते." तुम्ही मला पाठवायचात. मी सगळ्यात मागच्या बाईच्याही मागे जाऊन बसे. बायका विचारत, "कोनाची पोट्टी वो हे?" मग कुणीतरी मला मांडीशी ओढून घेई, कुणी ओंजळीत मुरमुरे ओती, आणि मी स्टेजकडे डोळे लावून तुमच्या वाक्याची वाट बघे.

कारण तुम्ही कधीच 'हॅलो हॅलो, वन टू थ्री' म्हटलं नाहीत. मी एकदा विचारलं होतं, सगळे म्हणतात तसं तुम्ही काऊन नाही म्हणत. तुम्ही म्हणालात, "वन टू थ्री साऱ्यायले पाठ आहे माय. जे पाठ आहे ते न आयकताही आयकू येते." म्हणून दर वेळी तुम्ही नवं वाक्य बोलायचात, मला अंदाज करता येणार नाही असं. पुरतं कळलं तर मी हात वर करायचा. ऐकूच आलं नाही तर कानाला लावायचा. आणि आवाज तर येतोय पण शब्द कळत नाहीत असं असेल तर हात डोक्यावर ठेवायचा. ही तिसरी खूण फक्त आपल्या दोघांची होती. बाकीच्या माईकवाल्यांच्या जगात दोनच गोष्टी होत्या, आवाज आहे किंवा आवाज नाही. तुमच्या जगात मधली एक जागा होती आणि तुमचं सगळं काम त्या जागेत चालायचं. मी हात डोक्यावर ठेवला की तुम्ही आवाज वाढवत नसायचात, उलट थोडा कमी करायचात. कधी भोंग्याचं तोंड बोटभर खाली झुकवत, कधी जाड घुमारा कापायचं बटण फिरवत, आणि पुन्हा नवं वाक्य. "आज घरी सुरणाची भाजी आहे अन् मले ते बिलकूल आवडत नाही." मी हात वर केला, साऱ्या बायका खदखदल्या, आणि आपण घरी पोचायच्या आत ते वाक्य आईपर्यंत पोचलेलं होतं. "भाजीची बदनामी साऱ्या गावात करून आले," म्हणत तिनं तुमच्या ताटात तीच भाजी दुप्पट वाढली होती.

एकदा तुम्ही मला रागावलात, तेही आठवतं. मी मागून धावत आले आणि म्हणाले, "ठीक आहे बाबा." तुम्ही पक्कड खाली ठेवलीत. "ठीक म्हंजे काय? मी काय म्हटलं ते सांग." मी ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, तरी तुमचा चेहरा सैल झाला नाही. "मंग पहिल्यांदाच तसं सांगायचं. ठीक हा शब्द आपल्या धंद्यात नाही." आजही दुकानातला कुणी मला "ठीक है दीदी" म्हणाला की मी विचारते, काय ऐकलंस ते सांग. त्यांना वाटतं बाई खडूस आहे. असू दे.

शाळेत त्याच सुमारास एक सिस्टर आम्हाला वक्तृत्व शिकवायच्या. बारीक चणीच्या, आवाज तर इतका हलका की शेजारच्या वर्गात पाऊलसुद्धा टाकणार नाही, पण शेवटच्या बाकावर त्यांचा प्रत्येक शब्द यायचा. त्या म्हणायच्या, "बेटा, आखिरी अक्षर मत निगलो. वह भी तो शब्द का ही है." मी ते घरी येऊन तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही जेवता जेवता थांबलात. "म्हंजे आमचा भोंगा जे करते तेच," तुम्ही म्हणालात, "शेवटचं अक्षर खाते." नंतर तुम्ही लाकडी कॉलम बनवून घेतलात, उंच अरुंद पेटी, त्यात एकावर एक ओळीनं बसवलेले लहान स्पीकर. त्याचा आवाज आभाळात किंवा जमिनीत जात नाही, समोर बसलेल्यांच्या डोक्यांच्या उंचीनं सरळ पुढे जातो आणि अक्षरं शाबूत पोचवतो. लोक हसले होते. "भोंगा दिसला नाही तं सभा वाटत नाही जी." तरी तुम्ही भाषणाला कॉलम आणि दवंडीला भोंगा हा नियम सोडला नाहीत. मला नेहमी वाटतं की त्या कॉलममध्ये थोड्या माझ्या सिस्टरही आहेत.

आणि तो तलावावरचा प्रसंग! याच तलावावरचा. मी हसू दाबत लिहितेय. तेव्हा स्टेज खाली वावराच्या बाजूला होतं, माणसं पाळीच्या उतारावर पायऱ्यांसारखी बसलेली, आणि तुम्ही भोंगे बांबूवर उंच बांधले, तोंडं पाळीकडे. संध्याकाळ उतरत आलेली, वारा पडलेला. मी वर पाळीवर सगळ्यात मागे बसले आहे आणि हात डोक्यावर ठेवते आहे, कारण आवाज आमच्या डोक्यांवरून कुठेतरी निघून चाललाय. तो कुठे चाललाय हे थोड्या वेळानं कळलं. सभेचे अध्यक्ष तावात येऊन सांगत होते की पलीकडच्या काठचं गाव चोरून तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडून घेतं. आम्हाला ते अर्धंमुर्धं कळत होतं. पण थंड पाण्यावरून घसरत जाऊन ते पलीकडच्या गावाला लख्ख ऐकू गेलं, जणू त्यांच्या ओट्यावर बसून कुणी बोलत होतं. अध्यक्षांचं भाषण संपायच्या आत तिकडचे लोक सायकली हाणत हजर! "काय बोलून राहिले होते आमच्याबद्दल? आता तोंडावर बोला." सभेत गोंधळ. सगळे तुमच्यावर उखडले. तुम्ही क्षणभर भोंग्यांकडे बघितलं, मग पाण्याकडे, मग स्टेजवरून खाली उतरून माईक त्या पलीकडच्या माणसांच्या हातात दिलात आणि आपल्या लोकांना म्हणालात, "त्यायनं तुमचं आयकलं, आता तुमी त्यायचं आयका." भांडण काही मिटलं नाही त्या दिवशी, पण माईकवर झालं, एकेकानं बोलून झालं. घरी येताना सायकलवर तुम्ही एवढंच म्हणालात, "पाण्याकडे तोंड नाही करायचं माय. पाणी सारं सांगून देते."

तर परवाच्या सभेची गोष्ट. महिन्याभरापूर्वी त्या गावची सरपंच दुकानात आली. तिशीतली पोरगी, तिच्या सासरचे पूर्वज तलाव बांधणाऱ्यांतले. स्कूटी दारात लावली, पदर नीट केला आणि इतक्या हळू बोलली की मला पुढे झुकावं लागलं. "काकू, माझा आवाज बारीक आहे. मोठा करून देता का?" मग हळूहळू सगळं सांगितलं. तलावातला गाळ काढायचा आहे. काहींना वाटतं तलाव पुरता रिकामा करून एकदाच काढावा. तिचं म्हणणं, अर्धा यंदा, अर्धा पुढच्या साली, म्हणजे मासोळीवर पोट असलेल्या घरांचं आणि रब्बीचं पाणी तुटणार नाही. हे तिला स्वतःला समजावून सांगायचं होतं. मागच्या सभेला कुणीतरी डीजेचे डबे आणून ठेवले होते. ती बोलायला उभी राहिली तर नुसता घुमारा. मागून ओरडा झाला, "आवाज! आवाज!" आणि तिचा नवरा उठला, तिच्या हातातून माईक घेतला आणि तिचं भाषण स्वतः करून टाकलं. "ते वाईट नाहीत," ती म्हणाली. "त्यांना वाटते की मदतच करून राहिलो. पण आता लोक मले विचारतच नाही. सरळ त्यायलेच विचारतात. या टायमाले बी माईक त्यायच्या हाती गेला, तं मंग मी खुर्चीवर कायले बसू?" मी तिला म्हटलं, "आवाज मोठा नाही करणार मी. कळता करून देईन."

मग मी तिच्यासाठी माईक निवडायला बसले, बाबा, आणि खरं सांगते, इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. तिला चार वेळा दुकानात बोलावलं. कॉलरचा माईक लावला तर पदर त्याला घासून खरखर, शब्द कमी आणि साडी जास्त. कानावरून गालाशी येणारा लावला, तर डोक्यावरच्या पदराची तीच गत, वर ती लाजून म्हणाली, "नाचगाण्याचा कार्यक्रम वाटते काकू." हातात दिला तर तिनं तो पूजेच्या ताटासारखा दोन्ही हातांनी पोटाशी धरला. टेबलावरचा लांब मानेचा नाजूक माईक तिचा श्वाससुद्धा टिपत होता, पण मग तो तलावावरचा वारा टिपणार, आणि शेजारच्या खुर्च्यांवरच्या पुढाऱ्यांची कुजबुजही. शेवटी साधा, जवळचंच ऐकणारा माईक उभ्या स्टँडवर लावला, तोंडापासून वीतभर, त्यावर वाऱ्यासाठी फोमची टोपी. हात मोकळे, पदर मोकळा. आणि तिला सिस्टरांचा धडा दिला. ओरडू नको, शेवटचं अक्षर खाऊ नको.

तुम्ही मला दिलेला माईकसुद्धा काढला होता. मॅट्रिक झाल्यावर साऱ्या मैत्रिणींना घड्याळं मिळाली आणि तुम्ही मला लाल मखमलीच्या डब्यातला तो जड, चकचकीत माईक दिलात. माझ्या लग्नात आईनं तो रुखवतावर अनारशांच्या शेजारी मांडला, आणि सासूबाई म्हणाल्या होत्या, "सून घरात बोलणार का गावात?" दोन्हीकडे बोलले मी. तर तो माईक लावून पाहिला. सरपंच बोलली, मी दुकानाच्या मागच्या भिंतीशी उभी राहिले, आणि माझा हात आपोआप डोक्यावर गेला. आतून म्हातारा झालाय तो, 'स' आणि 'श' एकाच चिखलात बुडवतो. पुसला, डब्यात ठेवला, झाकण लावलं. तुम्हीही तेच केलं असतंत, हे मला इतकं पक्कं ठाऊक होतं की वाईटसुद्धा वाटलं नाही.

कुडवा गावचा डीजेवाला चहाला आला होता. म्हणाला, "दीदी, दो बड़े बेस रख दो, पूरा तालाब हिल जाएगा." मी म्हटलं, "तालाब हिलाना नहीं है भैया, तालाब की बात सुनानी है." मी पुढे दोन कॉलम घेतले आणि मधोमध, बायका जिथे सुरू होतात तिथे, आणखी दोन. सरपंच म्हणाली होती की बायकांना पुढे बसवू. मी हसले. पुढे सासरे आणि जेठ-दीर बसलेले असताना कोण येणार आहे पुढे? बायका पुढे येत नाहीत तर आवाज मागे न्यायचा. पण मधल्या कॉलमला आवाज तारेतून लगेच पोचतो आणि पुढचा हवेतून चालत येतो, मग एकच शब्द दोनदा ऐकू येतो. आठवतं ना, कचारगडच्या यात्रेत वाटेवर ओळीनं भोंगे बांधले होते, आणि हरवलेल्या माणसाचं नाव डोंगरात अशा तऱ्हेनं घुमलं की ते कुणाचं नाव आहे हे त्या माणसालाही कळलं नसतं? तुम्ही चालत जाऊन एकेक भोंगा बंद करत गेलात, तेव्हा कुठे नाव नाव झालं. आता तसं करावं लागत नाही. मशीनमध्ये मागचा आवाज डोळ्याची पापणी लवते तेवढा थांबवून ठेवता येतो, पुढच्याला येऊ देऊन मग सोडायचा. तुम्ही हे बघायला हवं होतं. तुम्ही पोरासारखे ते बटण फिरवत बसला असता.

सभेच्या दिवशी स्टेज मी पाळीच्या पायथ्याशी घेतलं, पाठ तलावाला, स्पीकरांची तोंडं गावाकडे. पाण्याला काही सांगायचं नव्हतं. बायकांसाठी मागे वेगळा माईक ठेवला होता, प्रश्न विचारायला. आणि मी, या वयात, या गुडघ्यांनी, सगळ्यात मागच्या बाईच्याही मागे जाऊन सतरंजीवर बसले. ती बाई माझ्यापेक्षाही म्हातारी होती, तोंडात तंबाखूची गोळी. म्हणाली, "तुमी खुर्चीवर बसा न मॅडम." मी म्हटलं, "माझी जागा हीच आहे." मागचा माईक मी तिच्या मांडीवर ठेवला. तो सुरू होता. खरं तर प्रश्नांची वेळ येईपर्यंत असा माईक बंद ठेवतात.

सरपंच उभी राहिली. पहिलं वाक्य आलं, पुरतं आलं, शेवटच्या अक्षरासकट. दुसरं आलं. तेवढ्यात मधूनच कुणीतरी सवयीनं ओरडला, "आवाज!" मागच्या सभेची सवय, दुसरं काही नाही. आणि तिचा नवरा उठला. चांगल्या मनानं उठला, मी बघत होते, चेहऱ्यावर काळजी होती. त्यानं माईककडे हात केला. ती बोलायची थांबली. बाबा, त्या थांबण्यात मला दुकानातली तिची ती स्कूटी, तो पदर, ते सगळं दिसलं. आणि माझ्या पुढ्यातली म्हातारी, कुणाला उद्देशून नाही, आपल्याशीच बोलावं तशी, पण मांडीवरच्या माईकमधून साऱ्या सभेला ऐकू जाईल अशी बोलली, "बस ना गा खाली! बोलू दे तिले. आमाले मांगं बराबर आयकू येऊन राहिलं." आपला आवाज चारी कॉलममधून आला तशी ती दचकली, तोंडावर हात ठेवला, "अगो बाई!" म्हणाली, तेही सगळ्यांनी ऐकलं. आधी बायका हसल्या, मग गडी, मग तो नवराही हसला आणि कान धरून खाली बसला. सरपंच हसत हसत पुढे बोलू लागली आणि मग शेवटपर्यंत तिच्या माईकला कुणी हात लावला नाही. तिनं सगळं सांगितलं, अर्ध्या तलावाचं, मासोळीचं, पाण्याचं. मागून प्रश्न आले. "काऊन अर्धाच?" "गाळ कोनाच्या वावरात टाकनार?" तिनं उत्तरं दिली. प्रश्न त्याला विचारले नाहीत, तिला विचारले. आणि शेवटी मताच्या वेळी बायकांचे हात वर गेले ते ऐकून, कळून वर गेले. मी माझाही हात वर केला. मी त्या गावची मतदार नाही, पण तो हात त्यासाठी नव्हताच. तो तुम्हाला होता.

हे पत्र कुठे जाणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच एक गोष्ट लिहून टाकते, जी घरात अजून कुणाला बोलले नाही. माझा डावा कान गेल्या पावसाळ्यापासून कमी ऐकतोय. लेकीला कळलं तर ती उद्याच दुकानाला कुलूप घालील. परवा मी त्या सतरंजीवर मुद्दाम डावा कान स्टेजकडे करून बसले होते, आणि तिचं प्रत्येक वाक्य त्या कानात पोचलं. म्हणून मला खात्री होती की सगळ्यांना पोचतंय. आता डॉक्टर म्हणतात, कानाचं मशीन लावा. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी माईक आणि स्पीकर निवडले, आता बोटाच्या पेराएवढा एक माझ्यासाठी निवडायचा आहे, आणि तेवढ्यासाठी मी दोनदा त्या मशीनच्या दुकानाच्या पायरीवरून परत आले. पुढच्या आठवड्यात जाईन. पण त्या माणसानं मशीन माझ्या कानात घालून वन टू थ्री म्हटलं ना बाबा, तर मी हात डोक्यावर ठेवून बसून राहीन.